फेरे मोजणाऱ्याचं टेबल

कॉइल गुंडाळण्याच्या छंदाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे प्रेशर कुकर. अनुभवाने सांगतो. माझा पहिला ट्रान्सफॉर्मर मी जेवणाच्या टेबलावर गुंडाळत होतो. प्रायमरीला, म्हणजे घरच्या विजेकडच्या कॉइलला, १६१० फेरे द्यायचे होते. ११०० च्या पुढे गेलो तेव्हा आतून हाक आली, "तीन झाल्या की गॅस बंद कर रे!" पहिली शिट्टी झाली तेव्हा मी ११४० वर होतो, दुसरीला ११५२. तिसरी झाली, मी मोठ्याने "तीन" म्हणालो, उठून गॅस बंद केला, परत येऊन बसलो आणि डोक्यात फक्त तीन उरले होते.

ती बॉबिन शेवटी उलट फिरवून मोजली. ११६८ भरले. पण उलगडलेली बारीक तार मुरगळलेली असते, तिच्यावरचा लेप ठिकठिकाणी चरलेला असतो, ती पुन्हा भरण्यात अर्थ नसतो. पन्नास-साठ ग्रॅम तांबं भंगारात गेलं. त्यानंतर मी जे टेबल मांडलं, त्याच्याबद्दल हे प्रकरण आहे. गुंडाळणं म्हणजे दांडा फिरवणं, ते कुणालाही जमतं. टेबल लागतं ते तार रिळावरून सुटून बोटांत येईपर्यंत तिला सांभाळायला, आणि आकडा डोक्याबाहेर ठेवायला.

या छंदात माणसं वेगवेगळ्या दारांनी येतात. कुणी क्रिस्टल रेडिओ करायचा म्हणून, कुणी हॅम रेडिओचा परवाना काढला म्हणून, कुणी गिटारचे पिकअप स्वतः गुंडाळायचे म्हणून. काही जण नुसते घरातला जळलेला मिक्सर उघडून बघताना अडकतात. सगळ्यांचा मूळपुरुष मात्र एकच, मायकेल फॅरडे. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने ज्या लोखंडी कड्यावर विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवलं, ते कडं बाहेरून सहा इंच व्यासाचं होतं. आजच्यासारखी लेप दिलेली तार तेव्हा मिळत नव्हती. फॅरडेने उघडी तांब्याची तार घेतली, दोन फेऱ्यांच्या मध्ये सुतळी आणि दोन थरांच्या मध्ये मांजरपाटासारखं सुती कापड घालत कड्याची एक बाजू भरली, मग दुसरी. एका बाजूला सुमारे २४ फुटांचे तीन तुकडे, दुसऱ्या बाजूला दोन तुकडे मिळून ६० फूट. ते कडं अजून त्याच संस्थेत आहे. त्याचा फोटो बघितला की पहिल्यांदा विज्ञान आठवत नाही, कुणीतरी लोणच्याच्या बरणीला दादरा बांधलाय असं वाटतं. प्रयोग काही सेकंदांचा असेल, पण गुंडाळण्यात किती तास गेले असतील ते गुंडाळणाऱ्यालाच कळेल.

आपल्याला सुतळी लागत नाही. दुकानात मिळते ती एनामलची तार, म्हणजे तांब्यावर वार्निशचा अतिशय पातळ, चिवट लेप. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर तार गेजवर मागायची आणि वजनावर घ्यायची. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, आणि नवख्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. सोनार जशी भोकांच्या पट्टीतून तार ओढून ओढून बारीक करतो, तशीच ही तार ओढली जाते. जितक्या जास्त वेळा ओढली तितका आकडा मोठा, असं साधारण लक्षात ठेवावं. आपल्याकडे दुकानदार बोलतो ते ब्रिटिश गेज, १८८४ साली ठरलेलं. त्यात २६ गेज म्हणजे ०.४५७ मिलीमीटर. अमेरिकन पुस्तकातलं २६ गेज मात्र ०.४०५ मिलीमीटर. अमेरिकन पुस्तकातून आकडा उचलून तपकीर गल्लीत मागितला की दुकानदार मुकाट्याने जाडी तार देतो, आणि शेवटचे दोन थर बॉबिनच्या बाहेर येतात. मायक्रोमीटर असेल तर उत्तम. नसेल तर पेन्सिलीवर वीस फेरे अगदी चिकटून गुंडाळावेत, पट्टीने रुंदी मोजावी, विसाने भागावं. लेपासकट जाडी कळते, आणि जागेचा हिशेब करताना लेपासकटच लागते.

आता टेबलाकडे येऊ.

पहिली जागा द्यायची ती रिळाला. इथे मी चुकलो होतो, आणि बहुतेक जण चुकतात. वाटतं, रीळ एका खिळ्यावर आडवं अडकवावं, ते फिरत राहील, तार येत राहील. जाड तारेला, म्हणजे वीस-बावीस गेजला, हे बरोबर आहे. पण छत्तीस गेजच्या तारेला अर्धा किलोचं रीळ फिरवायला लावणं म्हणजे पोराने बैलगाडी ओढणं. सुरुवातीला रीळ हलत नाही, तार ताणते. मग एकदम फिरतं, आणि तुम्ही थांबलात तरी ते थांबत नाही, तारेचा गुंता खाली सांडतो. पुढचा झटका त्या गुंत्याला आवळतो आणि तार तुटते. बारीक तारेचं रीळ टेबलाखाली जमिनीवर उभं ठेवावं, अजिबात न फिरणारं, आणि तार त्याच्या डोक्यावरून वर सुटू द्यावी. वर टेबलाच्या कडेला एक गुळगुळीत डोळा लागतो, त्यातून तार आत घ्यायची. मी जुन्या चिनी मातीच्या फ्यूजचा तुकडा वापरतो. शिवणयंत्राचे सुटे भाग विकणाऱ्याकडे मिळणारा तारेचा डोळाही चालतो, फक्त त्याच्या कडेला नख फिरवून बघावं. नखाला जे खुपतं ते एनामलला कापतं.

शिवणयंत्राचा उल्लेख आलाच आहे तर, आमच्या घरातलं पायाचं मशीन हे मी बघितलेलं पहिलं वाइंडिंग मशीन. आई बॉबिन भरायची तेव्हा दोरा दोन चकत्यांच्या चिमटीतून जायचा, आणि बॉबिन भरली की दांडी आपोआप सुटायची. येवल्याला किंवा इचलकरंजीला मागाच्या कांड्या भरणाऱ्या बायकांना ही चिमटी बोटांत असते, चकत्यांची गरजच पडत नाही. त्यांच्या हाताखालून सूत ज्या ओढीने जातं ती ओढ कांडीच्या पहिल्या फेऱ्यापासून शेवटच्यापर्यंत बदलत नाही. कॉइलला नेमकं तेच हवं असतं.

किती ओढ, याचा हिशेब करता येतो. गिटारच्या पिकअपला वापरतात ती अमेरिकन ४२ गेजची तार ०.०६३ मिलीमीटर जाड, डोक्याच्या केसाएवढी. नरम तांब्याची ताकद बघता ती साधारण ७० ग्रॅमच्या ओढीला तुटते. म्हणजे एक मोठंसं अंडं तिला लटकवलं तर ती जेमतेम टिकेल. आणि तुटण्याच्या कितीतरी आधी ती लांबते, लांबली की बारीक होते, बारीक झाली की तिचा रोध वाढतो. वरून कॉइल छान दिसते, मीटर मात्र भलताच आकडा दाखवतो. त्याउलट छत्तीस ब्रिटिश गेजची, सिलिंग फॅनच्या वाइंडिंगला लागते तशी तार साधारण ६५० ग्रॅम सोसते. तिथे चूक उलटी होते. माणूस बिनधास्त होऊन सैल गुंडाळतो, आणि सैल कॉइल गुणगुणते. रात्री ट्रान्सफॉर्मर "हूं" करतो तो बरेचदा सैलपणाचा आवाज असतो.

यावर उपाय म्हणजे फेल्टचे दोन तुकडे. जाड लोकरी फेल्ट, हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतं तसं. त्यांच्या मधून तार न्यायची आणि ते अंगठा व तर्जनीत धरायचे. उघड्या बोटाने धरलं तर छत्तीस गेजची तार हजार फेऱ्यांत कातडीत रेघ पाडते. कॉलेजात असताना एका तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मी उन्हाळ्याची सुट्टी घालवली. मार्च ते मे हा तिथला हंगाम, कारण व्होल्टेज पडलं की शेतातल्या पंपांच्या मोटरी जळून येतात. दुकानात लाकडी फर्मे टांगलेले, मिलिनेक्सच्या पट्ट्या कापून ठेवलेल्या, स्लॉट बंद करायला बांबूच्या कामट्या. मिस्त्री मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, "तार ओढू नको रे, येऊ दे." जळालेल्या मोटरचा गुच्छ कापून ते आधी त्याचं वजन करायचे, मग तारा मोजायचे, आणि नव्या गुच्छाचं वजन जुन्याशी जुळलं की मगच तो स्लॉटमध्ये बसवायचे. मोजणीची ती दुसरी साक्ष होती. मी दुकान सोडलं तरी ती सवय सुटली नाही. माझ्या टेबलावर अजून एक छोटा डिजिटल काटा असतो.

फिरवायला काय घ्यावं? बाजारात हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन मिळतं, काउंटरसकट, आणि परवडत असेल तर तेच घ्यावं. नसेल तर दात्यांची चाकं असलेला जुना हातड्रिल व्हाइसमध्ये आडवा आवळावा. त्याच्या मोठ्या चाकाचे दाते मोजायचे, लहानाचे मोजायचे. साठ आणि पंधरा निघाले तर दांड्याचा एक फेरा म्हणजे बॉबिनचे चार. विजेवरचं ड्रिल मात्र नको. त्याला हळू चालवणं जमत नाही आणि थांबवणं त्याहून नाही, आणि तार तुटल्याचं तुम्हाला कळेपर्यंत ते आणखी चाळीस फेरे मारून मोकळं झालेलं असतं.

मोजणीसाठी माझा लाडका उपाय आहे तो साध्या कॅल्क्युलेटरचा. १ + १ दाबावं आणि मग नुसतं बरोबरचं बटण दाबत राहावं. बहुतेक साध्या कॅल्क्युलेटरवर दर दाबाला आकडा एकाने वाढतो. मग कॅल्क्युलेटर उघडायचा, बरोबरच्या बटणाखालच्या दोन पट्ट्यांना दोन बारीक तारा डाग देऊन बाहेर काढायच्या आणि त्यांच्या टोकाला रीड स्विच लावायचा. रीड स्विच म्हणजे काचेची इवलीशी नळी, आत दोन पात्या. जवळ चुंबक आला की पात्या चिकटतात. दाराच्या चोरघंटीत तोच असतो. बॉबिनबरोबर फिरणाऱ्या दांड्यावर एक बटणाएवढा चुंबक चिकटवायचा. तो नळीसमोरून गेला की "टिक", आणि आकडा पुढे. कुकरने शिट्ट्या मारल्या, दारावर कुरियरवाला आला, मावशींचा फोन आला, तरी पडद्यावर ११६८ तसेच.

या यंत्राचे दोन दोष आहेत, ते माहीत असावेत. एक, फार जोरात फिरवलं तर कॅल्क्युलेटर फेरे गिळतो, कारण बटणं बघण्याचा त्याचा स्वतःचा वेग मंद असतो. सेकंदाला तीन-चार फेऱ्यांच्या वर जाऊ नये. दुसरा जास्त फसवा: चूक सुधारायला तुम्ही बॉबिन उलटी फिरवली तरी तो बिचारा बेरीजच करतो. पाच फेरे सोडवले की आकडा पाचाने वाढतो, म्हणजे चूक दहाची झाली. त्यामुळे मी शेजारी वही ठेवतो आणि दर थराला एक रेघ मारतो. ३२ मिलीमीटर रुंदीच्या बॉबिनवर ३४ गेजचे साधारण १२० फेरे एका थरात बसतात, म्हणजे १६१० फेऱ्यांना चौदावा थर अर्ध्याच्या जरा आतच भरला पाहिजे. कॅल्क्युलेटर आणि वही यांची साक्ष जुळली नाही तर तिथेच थांबायचं.

दिवा कुठे ठेवायचा, हेही सांगतो. वरून पडणाऱ्या प्रकाशात तार सपाट दिसते. दिवा डाव्या हाताला खाली, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर ठेवला की प्रत्येक फेऱ्याची सावली पडते आणि एक फेरा दुसऱ्यावर चढला की ती सावली लगेच वाकडी होते. खाली काळं किंवा गर्द हिरवं कापड. पांढऱ्या कागदावर तांबडी तार सापडते हा गैरसमज आहे, लेपाच्या चकाकीने ती हरवते. खुर्चीला हात नसावेत, कोपर मोकळे हवेत. डोळ्यांवर चष्मा हवा, साधा असला तरी, कारण तुटलेली तार स्प्रिंगसारखी मागे येते आणि ती नेमकी तोंडाकडेच येते.

पण खरं सांगायचं तर सुरुवातीच्या कॉइलला टेबलच लागत नाही. क्रिस्टल रेडिओची कॉइल घ्या. ७५ मिलीमीटरचा पीव्हीसी पाइप, २४ गेजची तार, ५५ फेरे एकमेकांना चिकटून. हॅरॉल्ड व्हीलरचं १९२८ चं सूत्र लावलं तर इंडक्टन्स सुमारे २५० मायक्रोहेन्री येतं. जुन्या रेडिओतल्या, स्टेशन लावायच्या गँग कंडेन्सरबरोबर त्यात सगळं मिडियम वेव्ह बसतं, आणि पुणे आकाशवाणीचं ७९२ किलोहर्ट्झ गँग अर्ध्याच्या अलीकडे असताना सापडतं. तार लागते तेरा मीटर, वजनाने तीस ग्रॅमच्या आत. ही तार मी गच्चीवर नेतो. एक टोक कठड्याच्या गजाला बांधायचं, सगळी तार सरळ पसरायची, दुसरं टोक पाइपच्या भोकातून ओवायचं, आणि किंचित मागे रेलून पाइप फिरवत फिरवत गजाकडे चालत जायचं. ताण तुमच्या अंगाच्या वजनाचा, रीळ नाही, गुंता नाही. शेजारचे काका दरवेळी विचारतात, "काय, मांजा सुतताय का?" पाच मिनिटांत तुम्ही गजापाशी पोचता आणि हातात कॉइल असते.

एवढ्याशा कॉइलमध्येही मोजणीला सूट नाही. इंडक्टन्स फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे चढतं. कॉइलची लांबी वाढल्याने ते थोडं मार खातं, तरी ५५ ऐवजी ६० फेरे झाले तर सुमारे १४ टक्क्यांचा फरक पडतो. आणि टोरॉइड, म्हणजे हॅम मंडळींचं ते मेदूवड्यासारखं कडं, तिथे तर मोजायची रीतच वेगळी. तार भोकातून एकदा गेली की तो एक फेरा, बाहेरून वळसा पूर्ण झालेला असो वा नसो. बाहेरचे वळसे मोजणारा नेहमी एकाने चुकतो, आणि सहा फेऱ्यांच्या कॉइलमध्ये एकाची चूक फार महाग पडते.

उलट टोकाला गिटारवाले. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपला आठ हजारांच्या आसपास फेरे असतात. त्या कारखान्यात १९५६ पासून काम करणाऱ्या अबिगेल यबारा तार हाताने डावीउजवीकडे नेत कॉइल भरायच्या, आणि त्यांच्या आद्याक्षरांचे पिकअप आज शौकीन शोधत फिरतात. हाताने नेलेली तार नीट थरांत बसत नाही, विस्कटलेली बसते, आणि त्या विस्कटण्यानेच आवाज खुलतो असं वादक मानतात. त्यात तथ्य आहे. फेरे एकमेकांपासून थोडे दूर राहिले की कॉइलच्या पोटातली धारिता कमी होते आणि वरचे सूर कमी कापले जातात. म्हणजे ट्रान्सफॉर्मरवाल्याची चूक ती गिटारवाल्याची कला. एकाच टेबलावर दोन्ही करायची असतील तर मनाचीही थोडी हलवाहलव करावी लागते.

टेबलाच्या एका कोपऱ्यात गरम होणाऱ्या तारेचं घराणं बसतं. वसतिगृहात राहिलेल्यांना कॉइलची शेगडी आठवत असेल, पांढऱ्या खाचांत बसवलेली लाल होणारी स्प्रिंग, आणि ती तुटली की दोन टोकं एकमेकांत अडकवून पुन्हा चहा. ती तार निक्रोमची, निकेल आणि क्रोमियमची. अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाला तिचं पेटंट १९०६ साली मिळालं. तिचा भाऊ कँथल, लोखंड, क्रोमियम, ॲल्युमिनियमचा, १९३१ मध्ये स्वीडनच्या हाल्स्टाहामार गावातून आला. दोघांचे तुकडे डब्यात मिसळले तर साधा चुंबक निवाडा करतो. कँथल चिकटतो, चांगला निक्रोम चिकटत नाही.

याच तारेच्या कॉइल गुंडाळण्याचा छंद ब्रिटन, अमेरिका, मलेशियात व्हेपिंग करणाऱ्यांमध्ये पसरला. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात सगळंच बंद आहे, आणि फुप्फुसांच्या बाजूने बोलायचं तर त्यात मला हळहळण्यासारखं काही वाटत नाही. पण कारागिरी म्हणून त्यांचं टेबल बघण्यासारखं असतं. तीन मिलीमीटरच्या सळईवर ०.४ मिलीमीटर कँथलचे आठ फेरे दिले की रोध एक ओहमच्या जरा वर येतो. ही मंडळी एका सरळ तारेवर दुसरी केसासारखी तार गुंडाळतात आणि मग त्या जोडतारेची कॉइल करतात. तिला नाव दिलंय क्लॅप्टन, गिटारवादक एरिक क्लॅप्टनवरून, कारण गिटारची जाड तारही अशीच तारेवर तार गुंडाळून होते. त्यासाठी त्यांच्या टेबलाच्या एका टोकाला फिरकी असते, मासेमारीच्या गळाला असते तशी, म्हणजे मधली तार पीळ न खाता फिरते. त्यांच्याकडून मी एक गोष्ट उचलली. एक ओहमच्या आसपास मोजताना मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना टेकवून बघाव्यात. पिनांच्या वायरींचाच दोन-तीन दशांश ओहम असतो, तो वजा करावा. जे हे करत नाहीत ते लिथियम सेलवर हिशेबापेक्षा कमी रोधाची कॉइल बसवतात, आणि त्या सेलला जास्त प्रवाह मागितला तर तो पेट घेऊ शकतो.

शेवटी तारेची टोकं. एनामल काढल्याशिवाय डाग बसत नाही. काही तारांचा लेप गरम सोल्डरिंग आयर्नखाली वितळून जातो, काहींचा ब्लेडने किंवा बारीक पॉलिश पेपरने खरवडावा लागतो. पेटवून जाळायची पद्धत मी बघितली आहे, करत नाही. बारीक तार जळून ठिसूळ होते आणि आठवड्याने तिथेच तुटते.

ट्रान्सफॉर्मरला वार्निश पाजायचं तर ते आधी कोरडं हवं. पावसाळ्यात, त्यातून कोकणात, थरांमधला कागद हवेतलं पाणी पितो. दुकानातले मिस्त्री मोटर खोक्यात ठेवून आत दोनशे वॅटचा बल्ब रात्रभर लावायचे. मीही तेच करतो, आणि म्हणून जुना पिवळा बल्ब जपून ठेवतो. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही.

तो बल्ब दुसऱ्यांदा लागतो तपासणीला. घरच्या विजेवर नवा ट्रान्सफॉर्मर कधीही थेट लावायचा नाही. लाकडी फळीवर एक होल्डर आणि एक सॉकेट एकापाठोपाठ जोडलेला सिरीज बोर्ड ठेवावा, होल्डरमध्ये शंभर वॅटचा पिवळा बल्ब. ट्रान्सफॉर्मर सॉकेटला लावला, सेकंडरी मोकळी ठेवली, आणि बल्ब विझल्यासारखाच राहिला तर काम चोख. मंद लाल तेवत राहिला तर आत कुठेतरी दोन फेरे एकमेकांना चिकटलेत. लख्ख पेटला तर सरळ शॉर्ट. पहिल्या दोन-तीन वेळा हे जाणत्या माणसाला शेजारी उभं करूनच करावं.

आणि बॉबिनवर चिठ्ठी हवी: फेरे, गेज, तारीख. माझ्या खणात चिठ्ठी नसलेला एक जुना ट्रान्सफॉर्मर बरीच वर्षं पडून होता, वार्निशने दगड झालेला. उलगडून मोजणं अशक्य. मग बॉबिन आणि पत्र्यांच्या फटीतून साध्या प्लास्टिकच्या वायरचे दहा फेरे ओवले, सिरीज बोर्डवर तो चालू केला आणि त्या दहा फेऱ्यांवर मीटर लावला. १.४ व्होल्ट. म्हणजे व्होल्टला सात फेरे, म्हणजे २३० व्होल्टच्या प्रायमरीला १६१० च्या आसपास. पत्र्यांच्या मधल्या दांड्याचं क्षेत्रफळ मोजलं तर सहा चौरस सेंटीमीटर. कुकरच्या त्या प्रसंगानंतर दुसऱ्यांदा गुंडाळलेला तो माझाच ट्रान्सफॉर्मर होता. काळ्या पेनाने त्याच्या पत्र्यावर मी तिथल्या तिथे १६१० लिहिलं.